सिंहांची वही: साबी सँडमधल्या नरांच्या टोळ्या आणि कळप यांचा माग कसा ठेवावा

ताडोब्याला नेमाने जाणाऱ्यांना वाघ नावानिशी ठाऊक असतात. कोणती वाघीण कोणाची लेक, तिचे या खेपेचे बछडे किती, कोणता नर कुठल्या तळ्यावरून हुसकला गेला, हे जिप्सीवाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे सांगतात. हीच मंडळी आफ्रिकेतून परतली की मात्र ‘पहिल्या दिवशी सात सिंह, दुसऱ्या दिवशी चार’ एवढंच सांगतात. मला याची फार हळहळ वाटते. सिंह हा एकेकट्याने समजणारा प्राणीच नाही. समोर झोपलेला नर कोणाचा भाऊ, सध्या कोणत्या कळपाचा धनी, त्याच्या आधी तिथे कोण होतं, हे ठाऊक असलं की त्याने नुसती मान वर करून कान टवकारले तरी त्यामागची धडधड आपल्याला जाणवते.

त्यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. एक वही, बरी दुर्बीण, ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स आणि चिकाटी पुरते. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड राखीव क्षेत्रात गेली काही वर्षं जमेल तेव्हा जाऊन मी अशी वही ठेवतो आहे. तिथे जे शिकलो ते पायरीपायरीने मांडतो. सोयीसाठी नरांच्या गटाला, ज्याला गाईड मंडळी ‘कोएलिशन’ म्हणतात, मी टोळी म्हणेन. ‘प्राइड’ म्हणजे कळप.

निघण्याआधी: जागा आणि हद्द

साबी सँड हे क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला लागून असलेलं, सुमारे ६५,००० हेक्टरांचं क्षेत्र. साबी आणि सँड या दोन नद्यांवरून त्याचं नाव पडलं. जमीन अनेक खासगी मालकांची आहे, आणि क्रुगरच्या बाजूचं कुंपण १९९३ मध्ये काढून टाकलं. तेव्हापासून इथल्या सिंहाला पूर्वेकडे सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचं क्रुगर मोकळं आहे.

सिंहाला हद्द नाही, पण तुमच्या गाडीला आहे. प्रत्येक लॉजच्या गाड्या स्वतःच्या जमिनीवर आणि ज्या शेजाऱ्यांशी करार आहे त्यांच्या जमिनीवरच फिरतात. म्हणून पोचल्या दिवशी पहिलं काम करा: गाईडला नकाशा मागा, गाडी कुठपर्यंत जाऊ शकते ती रेघ वहीतल्या नकाशावर काढून घ्या. ही रेघ नसेल तर पुढच्या सगळ्या नोंदी फसव्या ठरतात. चार दिवस टोळी दिसली नाही म्हणजे ती क्षेत्र सोडून गेली असं आपण लिहून मोकळे होतो, आणि ती रेघेपलीकडे अर्ध्या किलोमीटरवर रेडा खाऊन झोपलेली असते.

हंगाम मे ते सप्टेंबरचा निवडा. पाऊस नसतो, गवत बसलेलं असतं, पाणी मोजक्या जागी उरतं, आणि रस्त्यांवरच्या कोरड्या वाळूत ठसे उत्तम उमटतात. पहाटे उघड्या गाडीत थंडी हाडात शिरते. लोकरीची टोपी आणि हातमोजे न्याच. हा भाग मलेरियाचा आहे, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा. खासगी लॉजचा खर्च बहुतेकांना झेपत नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे. त्यांनी क्रुगरमध्येच सतारा कॅम्पला राहावं आणि भाड्याच्या गाडीने फाटक उघडताच एस-१०० या कच्च्या रस्त्याला लागावं. तिथे रस्ता सोडता येत नाही, गाडीतून उतरता येत नाही, कच्च्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर. पण सिंहांसाठी हा रस्ता नावाजलेला आहे आणि वही तिथेही तशीच चालते.

काय शोधतो आहोत, हे आधी नीट समजून घ्या

कळपाचा कणा म्हणजे माद्या. आजी, मावश्या, बहिणी, लेकी. त्या जन्मल्या त्याच भागात बहुधा आयुष्य काढतात. नर येतात आणि जातात. दोन ते चार वर्षांचे झाले की तरुण नर कळपाबाहेर पडतात, भाऊ-चुलतभाऊ मिळून भटकतात आणि अंगात ताकद आली की दुसऱ्यांचा कळप काबीज करतात. टोळीत बहुधा दोन ते चार नर असतात, क्वचित जास्त. टांझानियातल्या सेरेंगेटीत झालेल्या दीर्घ अभ्यासात असं दिसलं की चार किंवा त्याहून मोठ्या टोळ्या नात्यातल्याच नरांच्या असतात, पण दोघा-तिघांच्या टोळीत परका सोबती चालतो. एकट्या नराचा निभाव लागणं कठीण, म्हणून तो मिळेल त्याच्याशी जोडी जमवतो. कळपावरचा ताबा सरासरी दोन-तीन वर्षं टिकतो. टोळी मोठी तितका जास्त.

दुसरी गोष्ट नवख्यांना चकवते. कळप सगळाच्या सगळा एका जागी फार क्वचित दिसतो. आज तीन माद्या, उद्या पाच आणि छावे, परवा एकटीच. टोळीचंही तसंच. चार नरांपैकी दोघं एका कळपाबरोबर आणि दोघं दहा किलोमीटरवर दुसऱ्या कळपाबरोबर असू शकतात. म्हणून ‘किती दिसले’ यापेक्षा ‘कोण दिसले’ हे लिहायला शिकायचं.

गीरला जाऊन आलेल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. गीरमध्ये नर आणि माद्यांचे गट बहुतेक काळ वेगवेगळे राहतात; मिलनाच्या वेळी किंवा मोठ्या शिकारीवर एकत्र येतात. २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह नोंदले गेले, आणि त्यांची वही ठेवायची तर नरांची आणि माद्यांची अशी दोन बाडं ठेवावी लागतील. आफ्रिकेतल्या या भागात नर कळपाबरोबर बराच वेळ सापडतात, म्हणून एकाच वहीत समोरासमोरची पानं ठेवता येतात: डावीकडे कळप, उजवीकडे त्यावर सध्या ताबा असलेली टोळी.

रात्री: आवाजाची दिशा

माग काढायला सुरुवात पहाटे होत नाही, आदल्या रात्री होते. डरकाळी शांत हवेत आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. अंथरुणातून आवाज आला की घड्याळ पाहा, फोनमधल्या होकायंत्रावर दिशा पाहा, आणि लिहा: ‘पहाटे ४.१०, ईशान्य, दोन आवाज.’ दुसऱ्या तंबूतल्या कोणी तोच आवाज ऐकला असेल तर त्यांची दिशाही विचारा. गाईडचं घर बहुधा कॅम्पच्या दुसऱ्या टोकाला असतं; त्याची आणि तुमची दिशा नकाशावर ओढली की जिथे रेघा छेदतात तिथून शोध सुरू होतो.

आवाज मोजायला शिका. एकच नर डरकाळतो तेव्हा लय सलग असते, लांब हुंकार आणि मग आखूड होत जाणारे. दोघं असले की एकावर एक आवाज चढतात. सिंह स्वतःही हे मोजतात. १९९० च्या दशकात सेरेंगेटीत माद्यांना परक्या सिंहिणींचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पाहिलं, तेव्हा तीन आवाज ऐकल्यावर त्या एका आवाजापेक्षा जास्त सावधपणे पुढे गेल्या, आणि स्वतःच्या बाजूला संख्या जास्त असली की धीट झाल्या. आणि एका बाजूच्या डरकाळीला दुसरीकडून उत्तर न येणं हीसुद्धा नोंद आहे. पाहुण्या टोळीचे तरुण नर परमुलखात तोंड मिटून चालतात.

पहाट: वाळू वाचणं

साबी सँडच्या गाड्यांत पुढे बॉनेटवर एक आसन असतं आणि त्यावर ट्रॅकर बसतो. यातले बरेच जण शांगान, त्सोंगा बोलणारे, याच मातीत वाढलेले. त्यांच्या शेजारी घालवलेली एक सकाळ दहा पुस्तकांच्या तोडीची असते, असं मी मनापासून सांगतो. त्यांना नाव विचारा, आदराने बोला, आणि ते बोलत नसतील तेव्हा त्यांची नजर कुठे जाते ते पाहा.

जूनमधली एक सकाळ मला अजून लख्ख आठवते. साडेसहा वाजले होते. ट्रॅकरने हात वर केला, गाडी थांबली. वाळूत एक पंजा, माझ्या पसरलेल्या तळव्याएवढा. आदल्या रात्री साडेआठला आमचीच गाडी तिथून गेली होती, तिच्या टायरची नक्षी वाळूत स्पष्ट होती, आणि पंजा त्या नक्षीवर पडला होता. म्हणजे साडेआठनंतरचा. वरच्या झाडावरून रात्रभर दव ठिबकलं होतं. त्याच्या बारीक खळ्या सगळीकडे होत्या, पण पंज्याच्या आत एकही नव्हती. म्हणजे दव ठिबकून संपल्यानंतरचा. आणि टाचेच्या गादीवरून गिनी कोंबडीची तीन बोटं चालत गेली होती. गिनी कोंबडी उजाडल्याशिवाय झाडावरून उतरत नाही. म्हणजे तिच्या आधीचा. ट्रॅकरने काडीने तीनही गोष्टी एकेक करून दाखवल्या आणि म्हणाला, ‘अर्धा तास.’ चाळीस मिनिटांनी आम्हाला तिन्ही भाऊ कोरड्या ओढ्यात सापडले.

हे वाचायचं कसं? ठसा मार्जारकुळातला असेल तर नखं उमटत नाहीत आणि टाचेच्या गादीला मागे तीन गोलाकार फुगवटे असतात. तरसाची नखं उमटतात, त्याचा पंजा वाकडा, तिरका वाटतो. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा आणि रुंद, आणि पूर्ण वाढलेल्या नराचा पुढचा पंजा मादीच्या शेजारी ठेवला तर चूक होण्यासारखी राहत नाही. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात. वारा, ऊन आणि किड्यांच्या वाटा त्या हळूहळू बोथट करतात. रस्त्यावर चालणारे सिंह एकमेकांच्या ठशांवर पाय टाकतात, त्यामुळे संख्या मोजताना गफलत होते. त्यापेक्षा ते जिथे बसले होते ती जागा शोधा. वाळूत अंगाचे वेगवेगळे दाब उमटतात, शेपटीच्या गोंड्याची फरफट दिसते, कधी आयाळीचा केस सापडतो. बसलेल्या जागा मोजल्या की संख्या पक्की.

मग कान आणि मान. एका दिशेला टक लावून, न चरता उभा राहिलेला जिराफ, इम्पाला हरणाचं फुसकारणं, कुडू या मोठ्या हरणाचं भुंकणं, कोल्ह्याचा सलग आरडाओरडा. ताडोब्यात चितळाचा आणि वानराचा कॉल ऐकून थांबायची सवय असलेल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. गिधाडांबाबत मात्र घाई नको. झाडावर नुसती बसलेली गिधाडं ऊन तापायची वाट पाहत असू शकतात. पाय खाली सोडून सरळ कोसळल्यासारखी उतरत असतील तर तिकडे जायचं. आणि उतरून पुन्हा झाडांवर चढून बसली असतील, तर शिकारीवर कोणीतरी अजून बसलेलं आहे.

पायी माग काढणं हे सशस्त्र गाईड आणि ट्रॅकर यांचं काम. ते उतरून गेले की तुम्ही गाडीतच बसायचं, कितीही वेळ लागो.

सापडल्यावरची पहिली दहा मिनिटं

रेडिओवर ‘न्गाला’ ऐकू आलं की सिंह, ‘मादोडा’ म्हणजे नर, ‘माफाझी’ म्हणजे मादी. एवढे तीन शब्द पाठ असले की गाडी कुठे आणि का वळली ते कळतं.

गाडी थांबली की सगळे कॅमेरा उचलतात. तुम्ही आधी दुर्बीण उचला आणि मोजा. गवतात झोपलेल्या सिंहाचा फक्त कान किंवा पोटाचा फुगवटा दिसतो, म्हणून दोनदा मोजा आणि निघताना तिसऱ्यांदा. मग फोटो, पण क्रमाने. प्रत्येक सिंहाचा डावा गाल, उजवा गाल, दोन्ही कान समोरून, नाक, आणि शेवटी पूर्ण अंग. गालाचा फोटो कॅमेऱ्याला काटकोनात हवा आणि तोंड मिटलेलं हवं; धापा टाकताना किंवा जांभई देताना गाल ताणला जातो आणि ठिपक्यांच्या जागा सरकल्यासारख्या दिसतात. उभा राहिलेला नर डौलदार दिसतो खरा, पण ओळखायला उपयोगी फोटो झोपलेल्या, कंटाळलेल्या सिंहाचेच मिळतात.

वहीत माझी एक नोंद अशी दिसते:

‘१४ जून, स. ७.१०. कोरडा ओढा, हद्दीच्या रेघेपासून पश्चिमेला अंदाजे २ कि.मी. नर ३: क-१, क-२, क-३. पोट: तिघांचंही मध्यम. क-२ पुढचा डावा पाय टेकवत नाही, सूज, जखम दिसली नाही. माद्या नाहीत. रात्री ४.१० ला ईशान्येकडून दोन आवाज, बहुधा हेच. ७.३५ ला क-१ ने झुडपावर मूत्र फवारलं, पायाने माती उकरली.’

नावांऐवजी मी अक्षर-आकडे वापरतो. लॉजची नावं बदलतात. एकाच नराला शेजारच्या लॉजवर दुसरंच नाव असतं. नाव कंसात लिहावं, ओळख मात्र आकड्याने ठेवावी.

मिशांचे ठिपके: खरी ओळख इथे

आयाळ, व्रण, कानाच्या खाचा यांवर भिस्त ठेवू नका. आयाळ वयाबरोबर गडद होते, भांडणात उपटली जाते, आजारपणात झडते. व्रण भरतो, नवा पडतो. कानाची खाच कायम राहते, पण तिच्या शेजारी दुसरी पडली की आकार बदलतो. जन्मापासून मरेपर्यंत न बदलणारी एकच गोष्ट म्हणजे मिशांच्या मुळाशी असलेल्या काळ्या ठिपक्यांची मांडणी. नैरोबी राष्ट्रीय उद्यानातल्या सिंहांवर पेनीक्विक आणि रुडनाई यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही आफ्रिकेतले सिंह-अभ्यासक तीच वापरतात.

करायचं असं. फोटो मोठा करा. गालावर ठिपक्यांच्या आडव्या रांगा दिसतील. वरून पाहिली तर पहिली सलग, पूर्ण रांग शोधा. तिला ‘ब’ म्हणू. तिच्याही वर काही सुटे ठिपके असतात, कोणाला एकच, कोणाला तीन-चार; ती ‘अ’. आता नाकाकडून कानाकडे ‘ब’ रांगेतले ठिपके मोजत जा: १, २, ३, ४, ५. ‘अ’मधला प्रत्येक ठिपका कुठल्या आकड्याच्या वर किंवा कुठल्या दोघांच्या मध्ये येतो ते लिहा. उदाहरणार्थ, ‘डावा: २ ठिपके, ३ च्या वर एक, ४ आणि ५ च्या मध्ये एक.’ उजव्या गालाचं वेगळं लिहायचं, कारण दोन्ही बाजू सारख्या नसतात. साबी सँडमधले गाईड बिबट्यांसाठी अशाच ठिपक्यांची नुसती संख्या वापरतात, ‘तीनास दोन’ वगैरे. सिंहांसाठी संख्येबरोबर जागाही हवी. कागदावर पेन्सिलीने दोन रांगा काढून ठिपके उतरवून घ्या. हाताने काढलेलं चित्र डोक्यात बसतं, फोटो बसत नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. दोन भावांना मी आठ महिने एकच नर समजत होतो. दोघांची आयाळ सारखी, नाकावर दोघांनाही तिरका व्रण. एकाचा मला नेहमी डावा गाल मिळाला होता, दुसऱ्याचा उजवा, आणि मी दोन्ही एकाच पानावर चिकटवले. त्या पानानुसार तो नर संध्याकाळी उत्तरेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेरा किलोमीटर दक्षिणेला दिसत होता, आणि मी त्याच्या चालण्याचं कौतुक करत होतो. शेवटी दोघं एका फोटोत शेजारी आले तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून नियम केला: एकाच दर्शनात, सलग घेतलेल्या फोटोंत, दोन्ही गाल मिळेपर्यंत त्या सिंहाला पक्का आकडा द्यायचा नाही. तोवर तो ‘तात्पुरता डावा’ किंवा ‘तात्पुरता उजवा’.

वय लिहिताना पट्टा लिहा, एक आकडा नको. नराच्या मानेवर शिखेसारखे केस दोनेक वर्षांचा असताना उभे राहतात. आयाळ भरायला चार-पाच वर्षं लागतात. नाक लहानपणी गुलाबी असतं, मग काळे ठिपके येतात. पाच-सहा वर्षांच्या सुमारास निम्म्याहून जास्त काळं होतं आणि पुढे जवळजवळ पूर्ण. दात पिवळे, झिजलेले, सुळा तुटलेला असेल तर वयाला दुजोरा मिळतो. गडद आयाळीबद्दल एक सांगायलाच हवं: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेरेंगेटीच्या अभ्यासात दिसलं की गडद आयाळीच्या नरांत टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक जास्त असतं, माद्या त्यांना पसंती देतात आणि इतर नर त्यांच्यापासून जपून राहतात. म्हणून टोळीत गडद कोण, ते आवर्जून लिहा.

सत्तांतर वाचणं

वहीचा खरा कस इथे लागतो. साबी सँडमधलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण मापोगो टोळीचं. सहा नर, त्यांपैकी पाच एकाच कळपातले आणि सहावा, माकुलू, बाहेरून येऊन मिळालेला. २००६ च्या सुमारास त्यांनी साबी सँडमध्ये जम बसवायला सुरुवात केली. पुढे टोळी फुटली: चौघं पश्चिमेला, किंकी टेल आणि मिस्टर टी हे दोघं पूर्वेला. जून २०१० मध्ये पाच नरांची मजिंगिलाने टोळी आली. या दोघांनी त्यांतला एक मारला, आणि उरलेल्यांनी किंकी टेलला मारलं. एकटा उरलेला मिस्टर टी पश्चिमेला भावांकडे परतला. मार्च २०१२ मध्ये सेलाती टोळीने त्यालाही मारलं. मापोगोंनी किती सिंह मारले याचे मोठमोठे आकडे इंटरनेटवर फिरतात. ते तुमच्या वहीत येऊ देऊ नका. जे दिसलं, ज्याचा फोटो आहे, ज्याचं शव सापडलं, तेवढंच लिहा.

या घटनाक्रमात एक गोष्ट उघड दिसते: फूट आधी पडली, हल्ला नंतर झाला. म्हणून टोळीतले कोण कोणाबरोबर किती वेळा दिसतात याचा साधा तक्ता ठेवा. चार नर असतील तर सहा जोड्या होतात. दर दर्शनाला त्या त्या जोडीपुढे रेघ मारायची. तीन-चार महिन्यांत एखाद्या जोडीच्या रेघा थांबल्या तर तिकडे लक्ष द्या.

नवी टोळी येते आहे याची चिन्हं हळूहळू जमतात. अनोळखी मोठे ठसे. जुने नर नेहमीपेक्षा जास्त डरकाळतात, किंवा अचानक गप्प होतात. लहान छावे असलेल्या माद्या नेहमीची जागा सोडून हद्दीच्या कडेला सरकतात. मोठी होत आलेली पोरं अवेळी बाहेर पडतात. मग एक दिवस आचळं सुकत चाललेली मादी दिसते, अंगावर ताजे ओरखडे, आणि छावे नाहीत. ताबा घेणारे नर आधीच्या नरांचे लहान छावे, विशेषतः नऊ महिन्यांच्या आतले, मारतात. छावे जगले तर मादी दोनेक वर्षं पुन्हा व्यायची नाही. मेले तर लवकर माजावर येते. ते पाहणं फार जड जातं. तरीही ते लिहायचं, तारखेसह, कारण त्या तारखेवरून पुढचं सगळं बांधता येतं.

मिलन दिसलं की हिशेब मांडा. सिंहांचं मिलन काही दिवस चालतं, दर वीस-तीस मिनिटांनी. गर्भकाळ सुमारे ११० दिवस. १० जूनला मिलन दिसलं तर जन्म २८ सप्टेंबरच्या आसपास. मादी छाव्यांना पहिले सहा-आठ आठवडे लपवून ठेवते, म्हणजे ते कळपात दिसले तर ९ ते २३ नोव्हेंबरच्या सुमारास. प्रत्येक मिलनातून गर्भ राहतोच असं नाही, म्हणून तारखेपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवा. सप्टेंबरअखेर तीच मादी कळपापासून तुटून एकाच ओढ्याच्या आसपास एकटी दिसू लागली, आचळं दुधाने भरलेली असली, तर प्रश्नचिन्ह खोडा. तिच्या मागे मात्र जाऊ नका. गाडीची चाकं गवतात जी वाट पाडतात, त्याच वाटेने तरस येतं. मी जिथे असतो तिथे गाईडला स्पष्ट सांगतो की लपवलेल्या छाव्यांकडे नको; आजवर कोणी नाराज झालेलं नाही.

जपायच्या गोष्टी

उघड्या गाडीत उभं राहायचं नाही, बाहेर हात काढायचा नाही. सिंहाला गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो आणि तो आकार मोडता कामा नये. शिकार चालू असताना झोत टाकायचा नाही. ठिकाण असलेला फोटो त्याच दिवशी टाकायचा नाही. फोनमधली ठिकाणाची नोंद बंद करूनच निघावं. चोरटी शिकार आणि तारेचे फासे हे दूरचे धोके नाहीत. पाय धरून चालणारा क-२ आठवतो ना? पुढच्या वेळी दिसला तेव्हा पायात तार होती. माझ्या १४ जूनच्या फोटोत ती मोठं करून पाहिल्यावर केसांत अर्धवट दिसत होती, मला त्या दिवशी दिसली नाही. गाईडने रेडिओवर कळवलं, पशुवैद्यक आले, बेशुद्ध करून तार काढली. लंगडणारा सिंह दिसला की पायाचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि त्याच जागी मोठे करून पाहा. घरी जाऊन पाहू, असं करू नका.

दिसला नाही

वहीत एक रकाना असावा: ‘शेवटचं दर्शन’. त्यात तारीख, जागा आणि तेव्हाची प्रकृती. ‘मेला’ हा शब्द शव पाहिल्याखेरीज किंवा ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकल्याखेरीज लिहायचा नाही. टोळी हटवली गेली की उरलेले नर हद्दीच्या रेघेपलीकडे जातात आणि वर्षभर कोणाच्याच कॅमेऱ्यात येत नाहीत.

क-३ माझ्या पानावर १४ महिने कोरा होता. नव्या टोळीशी झालेल्या झटापटीनंतर दोघं भाऊ दिसत राहिले, हा नाही. गाईडांनी त्याचं नाव घेणं सोडलं होतं. मग क्रुगरच्या आतल्या भागात गाडी घेऊन गेलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाने फोटो पाठवले: पाणवठ्यावर एकटा म्हातारा नर, आयाळ अर्धी गेलेली, एक सुळा तुटलेला, पोट आत. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं नसतं. डावा गाल मोठा केला. दोन ठिपके, एक तिसऱ्याच्या वर, एक चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. उजवा गाल त्यांच्या आठव्या फोटोत मिळाला. एकच ठिपका, दुसऱ्याच्या वर. वहीतलं पेन्सिलीचं चित्र शेजारी धरलं, आणि रकान्यात नवी तारीख लिहिली.